गाडी धुणार कोण, ते आधी ठरवा

प्रश्न : मी अंबाजोगाईच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हातात पगार ७८ हजार येतो. घराचा हप्ता १९ हजार, घरखर्च २८ हजार. मुलगी जूनपासून अकरावीला लातूरला जाणार. क्लास, होस्टेल, मेस मिळून महिन्याला १५ हजार धरले आहेत. आयुष्यातली पहिली गाडी घेतोय, काळ्या रंगाची. कर्ज सात लाख, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग करून घ्या म्हणतात : ३५ हजार अधिक जीएसटी, पाच वर्षांची वॉरंटी, आणि रक्कम कर्जातच बसवून देतील. भाचा म्हणतो, त्यापेक्षा प्रेशर वॉशर आणि पॉलिशिंग मशीन आणू, १६-१७ हजारांत सगळं घरीच होईल. जीएसटी कमी झाल्याने गाडीत ७७ हजार वाचलेच आहेत, त्यातून हे करावं का? शिल्लक म्हणाल तर १ लाख ४० हजारांची एफडी, दुसरं काही नाही. गाडी घरासमोर लिंबाखाली उभी राहील.

उत्तर : सर, पत्रात तुम्ही सगळे आकडे दिलेत. एकच गोष्ट लिहिली नाहीत. गाडी धुणार कोण?

हे मी उगाच विचारत नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी डिलिव्हरीच्या वेळीच साडेचार हजार देऊन 'टेफ्लॉन' नावाचं चमकेचं कोटिंग मारून घेतलं होतं. मग रोज सकाळी गाडी पुसायला गल्लीतला एक पोरगा लावला. त्याच्याकडे एक बादली आणि एक जुनं बनियान. त्याच बनियानाने तो सहा गाड्या पुसायचा. बिचारा नेमाने यायचा, एक दिवस चुकला नाही, आणि तेच नडलं. सहा महिन्यांनी उन्हात बोनेटकडे बघितलं तर कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे. कोरड्या धुळीवरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. त्यातून आपल्याकडची धूळ. उन्हाळ्यात काळ्या रानातली माती, सुगीत उसाच्या ट्रॉल्या, आणि बारा महिने रस्त्याची कामं. साडेचार हजार गेले ते गेले, वर त्या पोराला महिन्याचे पैसे मीच देत होतो, ओरखडे पाडून घ्यायला.

आता रंगाचा हिशेब. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). तुमच्या हजेरीपटाच्या कागदापेक्षाही पातळ. चमक असते ती याचीच, आणि ओरखडे पडतात तेही यावरच. पॉलिश करणं म्हणजे चमक वरून लावणं नव्हे, ओरखड्याच्या खोलीपर्यंत हा थर घासून सपाट करणं. प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा थोडा कायमचा जातो. माझ्या भाषेत सांगायचं तर ती मुद्दल आहे, आणि व्याज देऊन ती परत भरता येत नाही.

म्हणून भाच्याची मशीन पहिल्यांदा बाद करतो. नव्या गाडीला पॉलिश लागतच नाही. शिकाऊ हातात मशीन आली की दरवाज्याच्या कडेला, बोनेटच्या उंचवट्यावर जरा जास्त वेळ थांबते आणि तिथला क्लिअर कोट उडतो. मग एक पॅनल, म्हणजे दरवाजा किंवा बोनेटसारखा एक भाग, रंगवायचे चार-पाच हजार. भाच्याचा उत्साह मी मोडत नाही, पण त्याने आधी एखाद्या जुन्या गाडीवर हात बसवावा.

सिरॅमिक कोटिंग खोटं नाही, हे मात्र सांगायला हवं. त्यात मुख्यतः सिलिकाची संयुगं असतात, ती क्लिअर कोटला धरून कडक होतात. पाणी थेंब होऊन घसरतं, धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची घाण लवकर निघते. पण हा थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा. खडी उडाली तर तो अडवणार नाही. आणि 'नाइन-एच हार्डनेस' म्हणतात तो पेन्सिलीच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. खनिजांचा कडकपणा मोजणारी मोह्सची पट्टी वेगळी, तिच्यावर ९ म्हणजे माणिक-नीलम. सेल्समन दोन्हींची सरमिसळ करतो आणि समोरचा मान हलवतो. तुम्ही हलवू नका.

वॉरंटीचा कागद घरी आणून वाचा. बहुतेक वेळा वॉरंटी कोटिंगची असते, रंगाची नसते. ओरखडा, खडी, पाण्याचे डाग त्यात धरत नाहीत, आणि दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे देऊन 'मेंटेनन्स' केलं नाही तर ती संपते. तो मेंटेनन्स वर्षाला तीन हजार धरला तर चार वर्षांचे बारा हजार. शिवाय कोटिंग केलेली गाडीही धुवावीच लागते. त्याच बनियानाने पुसली तर कोटिंगवर ओरखडे पडतात, एवढाच फरक.

आता कर्जात बसवण्याचं. ३५ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरून ४१,३०० होतात. सात वर्षं, साडेनऊ टक्के, म्हणजे हप्त्यात ६७५ रुपयांची वाढ. 'महिन्याला सातशेसुद्धा नाहीत सर', हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पण ८४ हप्त्यांत ते ५६,७०० होतात. मेंटेनन्स धरला की ६८,७००. त्यात गंमत बघा : वॉरंटी पाच वर्षांची, हप्ते सात वर्षांचे. शेवटची दोन वर्षं तुम्ही गाडीवर नसलेल्या कोटिंगचे पैसे भरत असाल.

आणि ते ७७ हजार? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस जाऊन १८ टक्के आला, म्हणून नऊ लाखांची गाडी सव्वाआठ लाखांत पडली, हे बरोबर. पण ते पैसे तुमच्या खात्यात कुठे आलेत? ते कमी कर्जाच्या रूपात आधीच वापरले गेले. वाचलेला पैसा मनात एकदा मिळवला की माणूस तो तीनदा खर्च करतो. एकदा सीट कव्हरला, एकदा म्युझिक सिस्टिमला, एकदा कोटिंगला.

तुमच्या महिन्याची गोळाबेरीज केली तर ७८ मधून १९, २८ आणि लेकीचे १५ गेले की १६ हजार उरतात. गाडीचा हप्ता ११,४४० च्या आसपास. हातात साडेचार हजार. त्यात पेट्रोल, सर्व्हिसिंग, वर्षाचा विमा, आणि लेकीला भेटायला लातूरच्या फेऱ्या. ह्या चटईवर ६७५ रुपयांनाही पाय पसरायला जागा नाही. आधी ती एफडी तशीच राहू द्या. दोन्ही हप्ते आणि लेकीचा खर्च मिळून महिन्याला ४५ हजार जातात. पगार अडकला तर एफडी जेमतेम तीन महिने पुरेल. एवढा आधार तरी हवाच.

विक्रीच्या वेळी चांगला भाव येईल, हा युक्तिवादही तपासू. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचं कोष्टक ठरलेलं आहे : सहा महिन्यांनंतर वर्षाच्या आत १५ टक्के घट, पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यात चमकेचा रकाना नाही. जुनी गाडी घेणारा किलोमीटर बघतो, सर्व्हिसच्या नोंदी बघतो, आणि कुठलं पॅनल पुन्हा रंगवलंय का ते रंगाची जाडी मोजणारं मीटर लावून बघतो. म्हणजे त्याला मूळ रंग शाबूत हवा असतो. आणि तो शाबूत राहतो धुण्याच्या पद्धतीने.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर 'मी स्वतः, पंधरा दिवसांतून एकदा' असं असेल तर पुढचं वाचा. खर्च साडेचार हजारांच्या आत बसवायचा. गाडीचा न्यूट्रल पीएच शाम्पू, एक मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, चार-पाच चांगली मायक्रोफायबर फडकी, पाणी टिपायचा मोठा टॉवेल, आणि पॉलिमर सीलंटची, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर देणाऱ्या द्रवाची, एक बाटली. बादल्या घरात असतीलच, दोन लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी माती बसते ती एकदा बघा, म्हणजे ही पद्धत पटवून द्यावी लागणार नाही. वरून खाली धुवायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कपड्याने. खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, मग ते कितीही नवं असो. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड नको, ते सीलंट धुऊन काढतं.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे खरी मेख तिथे आहे. बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या जाळीवर जो पांढरा खर बसतो तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा खर काळ्या बोनेटवर थेंबांच्या आकारात बसतो. तुम्हाला मी रसायनशास्त्र काय सांगणार, पण ४२ अंशांच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो किती लवकर पक्का होतो ते प्रयोगशाळेत दिसत नाही. म्हणून सकाळी सातच्या आत, सावलीत, पत्रा गार असताना धुवा, आणि गाडी वाऱ्यावर वाळू न देता लगेच टिपा. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते चाकांना आणि अंगणाला वापरा. शेवटच्या खळबळीला पावसाचं साठवलेलं किंवा एसीच्या नळीतून गळणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतातच. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून, ताजे असतानाच, हलक्या हाताने, आणि लगेच धुऊन टाका.

प्रेशर वॉशरही नको. घरगुती वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर ओढतो. आपण धनेगावच्या मांजरा धरणाकडे डोळे लावून बसणारी माणसं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा दारात गाडी धुणाऱ्याकडे गल्ली कशी बघायची ते मला आठवतंय. दोन बादल्या आणि एक झारी, तीस-चाळीस लिटरांत गाडी नीट निघते. टंचाईच्या महिन्यांत बिनखळबळीचा रिन्सलेस शाम्पू आणा, एका अर्ध्या बादलीत काम होतं. फक्त चिखलाच्या गाडीवर तो वापरू नका.

सीलंट वर्षातून दोनदा : एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीनंतर. तासाभराचं काम. लिंबाखाली उभ्या गाडीवर चिकट थेंब, लिंबोळ्या आणि कावळ्या-साळुंक्यांची घाण पडणारच. त्यासाठी डिकीत पाण्याची फवारणी आणि एक फडकं ठेवा. दिसली की आधी ओली करायची, मग उचलायची. उन्हात दोन दिवस राहिलेली विष्ठा क्लिअर कोटला खाते, मग कोटिंग असो वा नसो. कव्हर घालायचं तर धुतलेल्याच गाडीवर घाला. धुळीच्या गाडीवर वाऱ्याने हलणारं कव्हर म्हणजे पुन्हा तेच बनियान.

पाच वर्षांचा खर्च बघा : पहिल्या वर्षी साडेचार हजार, पुढे शाम्पू-सीलंट-फडक्यांचे वर्षाला दोन हजार. एकूण साडेबारा हजार. बाहेरच्या वॉशिंग सेंटरला वर्षात २६ वेळा साडेतीनशे दिले तर एका वर्षातच ९,१०० होतात.

आणि तुमचं उत्तर 'वेळ होणार नाही, पोरगा लावू' असं असेल, तर निदान त्याला दोन बादल्या आणि फडकी तुम्ही घेऊन द्या, आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा धुवायला सांगा. पैसे तेवढेच द्या. कमी वेळा येण्याचे पूर्ण पैसे मिळतात म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही.

छोट्या ओरखड्यासाठी विम्याचा क्लेम करू नका. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर (विम्याच्या हप्त्यातला आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांपर्यंत जाते. चार हजारांच्या पॅनलसाठी ती घालवणं परवडत नाही.

कोटिंगची हौस मात्र मारून टाकू नका, काळ्या रंगाला ते शोभतं. ते ६७५ रुपये आरडीत टाका. लेकीची बारावी होईपर्यंत, दोन वर्षांत, १६ हजारांवर जमतील. तोवर गाडी नीट धुतली गेली असेल, तर त्या पैशांतून काय करायचं ते ठरवा. मला विचाराल तर मी लिंबाखालची जागा सोडून अंगणात पत्र्याच्या शेडसाठी फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेईन. तिच्याखाली स्कूटरही राहते.

शोरूमला आजच फोन करून कोटिंग नको म्हणून सांगा, आणि हेही सांगा की डिलिव्हरीआधी गाडी फडक्याने पुसू नका, फक्त पाणी मारा. पूजेच्या दिवशी बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढाल, ते संध्याकाळी ओल्या फडक्याने हलकेच काढून टाका, आणि झेंडूच्या हाराचा दोरा पत्र्याला घासत लातूरपर्यंत नेऊ नका.