फ्लेक्सच्या दुकानात कलेचं काय करायचं?

"मॅडम, मी चित्रकार व्हायला गेलो होतो, ऑपरेटर होऊन आलो." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात बसणारा हा पंचविशीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नागपूरला चित्रकला शिकला, घरी कोरडवाहू कापूस. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, कृषी सेवा केंद्रांच्या जाहिराती. रात्री झोप नाही. पोटासाठी काम केलं की कला संपते का, हा त्याचा प्रश्न. डिझाइन करणारी बरीच मुलं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात.

अक्षरकलेत त्याचा आदर्श र. कृ. जोशी. मी म्हटलं, जोशींनीही कित्येक वर्षं जाहिरात संस्थेत काम केलं, आणि विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्टही त्यांचाच. धंद्याच्या कामानं त्यांचं अक्षर बिघडलं नाही. तो गप्प राहिला. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. थोरांच्या उदाहरणानं कुणाची झोप परत येत नाही.

मग मी त्याला अलीकडची सगळी कामं आठवून लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे नेमकं काय खुपलं तेही. बॅनरवर पुढाऱ्यांचे वीस चेहरे कोंबावे लागतात, याचा त्याला कंटाळा होता. लग्नपत्रिका तर त्याला आवडायच्या. पण पिकाच्या एका टॉनिकच्या जाहिरातीपाशी पेन थांबलं. 'उत्पादन दुप्पट' असं लिहायचं होतं. बोंडांनी लगडलेल्या पऱ्हाटीचा फोटो त्यानं इंटरनेटवरून उचलला होता, शेत कुठलं तेही माहीत नव्हतं. "माह्या बाबानं हा फ्लेक्स पाहून तेच टॉनिक आणलं तर?" २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा त्याच्या घरी फवारणीची उधारी झाली होती.

कंटाळा आणि टोचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यानं दोन्हींना 'कला मेली' हे एकच नाव दिलं होतं. पुढाऱ्यांचे चेहरे मांडण्यात कुणाची फसवणूक नाही. ते काम नीट करावं, पैसे घ्यावेत, घरी जावं. खोट्या फोटोनं मात्र शेजाऱ्याचा खिसा कापला जातो. नकार तिथेच खर्च करायचा.

मालकाशी तत्त्वांवर बोलू नकोस, असं मी सुचवलं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि नंबर असतो, शेतकरी विचारायला इथेच येतील, हे सांग. फोटो आपल्या तालुक्यातल्या शेताचा घेऊ आणि डब्याच्या लेबलवर आहे तेवढंच लिहू, असं म्हण. हे मालकाला पटलं. टॉनिकवाल्यानं मात्र काम दुसऱ्या दुकानात नेलं, आणि मालक काही दिवस घुश्शात होते.

त्यानं डिझाइनचे वेगळे पैसे मागितले तेव्हा भाऊ, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, "गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाचे पैसे देते, डोक्याचे नाही." बऱ्याच घासाघाशीनंतर लोगो आणि पत्रिकांपुरतं ते कबूल झाले. बॅनरचं डिझाइन अजून फुकटच आहे. त्यावर भाऊंशी पुन्हा बोलायचं की नागपुरात काम शोधायचं, हे त्याचं ठरलेलं नाही. घरच्या शेतीमुळे गाव सोडणं सोपं नाही, म्हणून पुढच्या भेटीला तो वडिलांना सोबत आणणार आहे.