एलएचसीमध्ये सेकंदाला कोट्यवधी वेळा टकरी होत असताना जेट असलेल्या घटना ट्रिगर कशा निवडतो?

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) या कणत्वरकामध्ये प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा, एकमेकांतून जातात. ही सगळी माहिती साठवणे अशक्य असल्यामुळे कोणती घटना, म्हणजे टकरीची नोंद, ठेवायची हे ट्रिगरला, म्हणजे घटना चाळणाऱ्या यंत्रणेला, जागच्या जागी ठरवावे लागते. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात ट्रिगरचा हार्डवेअरचा पहिला टप्पा कॅलरीमीटरमधील (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणातील) ऊर्जेची ढोबळ बेरीज पाहून सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निर्णय देतो आणि सेकंदाला साधारण १ लाख घटनाच पुढे सोडतो. पुढच्या टप्प्यात संगणक क्वार्क किंवा ग्लुऑन या प्रोटॉनमधील मूलकणांपासून निघालेल्या कणांचा झोत, म्हणजे जेट, जवळजवळचे कण एकत्र करणाऱ्या अँटी-केटी पद्धतीने बांधतात.

खरी गोम पुढे आहे. ट्रिगरने अंदाजलेली आणि नंतर काळजीपूर्वक सुधारलेली जेटची ऊर्जा तंतोतंत जुळत नसल्यामुळे निवडीसाठी ठरवलेल्या किमान ऊर्जेच्या उंबरठ्याच्या आसपासचे काही जेट निसटतात. म्हणून ट्रिगरची कार्यक्षमता, म्हणजे पकडलेल्या जेटांचे प्रमाण, जवळपास १०० टक्के होते तिथपासूनचाच भाग मोजमापासाठी वापरणे मला योग्य वाटते. कमी ऊर्जेच्या जेटांचा तर पूर असतो, तेव्हा त्यांपैकी ठरावीक संख्येमागे एकच घटना ठेवतात आणि विश्लेषणात तिला तितक्याच पटीने वजन देतात.