डेनिंग वाचावेत, पण शेजारचा निकालही

प्रश्न : मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांचा एकही तास लॉर्ड डेनिंग यांच्याशिवाय जात नाही. सीनियर मैत्रीण मात्र म्हणते, त्यांना शेवटी खुर्ची सोडावी लागली. खरं काय? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरही बरोबर आणि मैत्रीणही.

डेनिंग हे इंग्लंडचे न्यायाधीश; हॅम्पशरमधल्या व्हिटचर्चच्या कापड दुकानदाराचा हा मुलगा. जन्म १८९९. ऑक्सफर्डला शिकला गणित, काही काळ शाळेत शिकवलंही तेच. १९२३ मध्ये बॅरिस्टर, १९४४ मध्ये न्यायाधीश, १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय. तिथून १९६२ मध्ये स्वतःहून एक पायरी खाली, अपील न्यायालयात 'मास्टर ऑफ द रोल्स', म्हणजे प्रमुख न्यायाधीश म्हणून आले. बहुतेक अपिलांचा शेवट तिथेच होतो, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. मुरलेला माणूस!

परीक्षेसाठी १९४७ चा 'हाय ट्रीज' हा त्यांचा निकाल हवाच. युद्धात लंडनमधले फ्लॅट ओस पडले, तेव्हा मालकाने अडीच हजार पौंडांचं वार्षिक भाडं निम्म्यावर आणलं. त्या काळाचा फरक मागाहून मागता येणार नाही, असं डेनिंग यांनी म्हटलं. दिलेल्या शब्दावर समोरचा विसंबला, की तो फिरवता येत नाही, हे ते तत्त्व. आपल्याकडे न्या. भगवतींनी मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालात त्याचाच सविस्तर ऊहापोह केला.

पण खरे डेनिंग भेटतात ते १९७७ च्या 'मिलर विरुद्ध जॅक्सन'मध्ये. डरहॅम परगण्यातलं लिंट्झ गाव, सत्तर वर्षांचं क्रिकेट मैदान. शेजारच्या कुरणात घरं उठली आणि चेंडू अंगणात पडू लागले. निकालाची सुरुवातच अशी, की उन्हाळ्यातलं गावचं क्रिकेट म्हणजे सगळ्यांचा आनंद. पुढे म्हणतात, तिथे चरणाऱ्या गुरांची क्रिकेटबद्दल तक्रार नव्हती! कायद्याचा मुद्दा यायच्या आत वाचक क्लबाच्या बाजूला गेलेला असतो. मी तरी दर वेळी जातो. म्हणून त्याच खटल्यातला न्या. लेन यांचा निकाल लगेच वाचा. फुटलेल्या कौलांचा आणि अंगणात बसायला घाबरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब तिथे मिळतो. उपद्रव होतो, हे डेनिंग सोडून उरलेल्या दोन्ही न्यायाधीशांनी मानलं. मनाई हुकूम तेवढा टळला आणि चारशे पौंड भरपाईवर भागलं.

हाच स्वभाव १९८० मध्ये महागात पडला. बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटातल्या सहा कैद्यांनी पोलिसांच्या मारहाणीबद्दल दावा लावला. तो खरा ठरला तर पोलीस खोटे ठरतील, हे चित्रच भयंकर आहे, म्हणून दावा पुढे जाऊ नये, असं डेनिंग म्हणाले. ते सहाही १९९१ मध्ये निर्दोष सुटले.

खुर्ची गेली ती १९८२ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी. कृष्णवर्णीय ज्युरींबद्दल पुस्तकात केलेल्या विधानांवरून गदारोळ झाला, पुस्तक मागे घ्यावं लागलं आणि ते निवृत्त झाले. पुढे शंभरी गाठून १९९९ मध्ये वारले.

'मिलर' आधी वाचा. 'हाय ट्रीज' सर घेतीलच.