जुन्या जिप्सीत किंगचं इंजिन: घरच्या शेडमध्ये होईल का?

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझ्याकडे १९९१ची जिप्सी आहे, ९७० सीसी, चार गिअरची. वडिलांनी काजूच्या बागेसाठी घेतली होती. करूळ घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही, मागे गाड्यांची रांग लागते. कोल्हापुरात भंगारात निघालेल्या जिप्सी किंगचं १३०० सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवर चालणारं) इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट मिळतंय. घरी शेड आहे, चेन पुली आहे, वेल्डिंग येतं. प्रॉपेलर शाफ्ट कापावे लागतील का? ब्रेक पुरतील का? आरटीओचं काय?
— एक वाचक, वैभववाडी

उत्तर : तुमच्याकडची साधनं बघता काम होण्यासारखं आहे. पण विसार द्यायच्या आधी दोन गोष्टी करा.

पहिली, आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, इग्निशन तोडा, एकेका प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग-बोअर गेलेत, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. धड असलेलं ९७० सीसीचं इंजिन मोकळ्या गाडीला घाटाच्या बऱ्याच भागात तिसऱ्यावर न्यायला हवं, असं माझं मत आहे. तुमचं दुसऱ्यावरच अडकतंय म्हणजे ते थकलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून, हेड ग्राइंड करून घेतलं तर कदाचित तुमची अडचण तिथेच संपेल, आणि ती जिप्सी जशी बाहेर पडली तशीच राहील. मला ते जास्त आवडेल.

दुसरी, आरटीओ. आरसी बुकात इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायला आधी परवानगी लागते. परवानगी नसताना केलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून इंजिनाचं बिल कसं मिळणार, त्या भंगारातल्या किंगची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आहे का, हे भंगारवाल्याला विचारा आणि ते घेऊन लेखी अर्ज करा. सीसी वेगळी असल्याने नकार येऊ शकतो. आला, तर हा विषय सोडा आणि जुनं इंजिन बांधून घ्या. उद्या घाटात अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर ताडून पाहिला तर समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या बागेतून जायची वेळ येऊ शकते.

परवानगी मिळाली असं धरून पुढचं सांगतो.

प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्यांची, काळजी निम्मी कमी आहे. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे असतात, मधे एक आखूड शाफ्ट. पुढे-मागे जाणारे लांब शाफ्ट ट्रान्सफर केसमधून निघतात, आणि ती जागेवर राहिली की त्यांना हात लावावा लागत नाही. प्रश्न फक्त त्या आखूड तुकड्याचा. तो किंगचाच मागून घ्या आणि तुमच्या ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर धरून बघा. भोकं जुळली नाहीत तर फ्लँज बदला, भोकं वाढवत बसू नका. लांबी कमी-जास्त निघाली तर शाफ्ट लेथवर कापून, बॅलन्स करूनच आणा. घरच्या वेल्डिंगवर हा तुकडा सोडू नका.

आता डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलमधली गिअरपेटी, कारण हे कोणी बघत नाही. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना दगडाची उटी लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडा. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चार फेरे होऊन खूण थोडी पुढे गेली तर जुन्या जिप्सीचा ४.११ रेशोचा क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलमधली दातेरी जोडी) आहे. चार पुरे व्हायला थोडं कमी पडलं तर किंगचा. पुढच्या ॲक्सलचंही असंच मोजा. दोन्हीकडे एकच रेशो हवा, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस फुटेल. तुमच्याकडे जुनाच रेशो आणि जुनीच ट्रान्सफर केस असेल तर तशीच ठेवा. घाटात आणि बागेत ओढ चांगली मिळेल, हायवेला मात्र इंजिन जरा जास्त ओरडेल. तुमच्या कामाला हीच जोडी बरी.

बसवताना आधी गिअरबॉक्स जागेवर धरा, म्हणजे लिव्हर भोकातून सरळ वर येतो. मग इंजिन आपोआप जिथे येईल तिथे फाउंडेशनचे ब्रॅकेट नुसते टाके मारून लावा. पक्कं वेल्डिंग करायच्या आधी पुढचा ॲक्सल जॅकने वर दाबून, पाटे पूर्ण दबल्यावर डिफरन्शिअल आणि ऑइल चेंबरमध्ये अंतर उरतंय का ते बघा. खड्ड्यात आपटल्यावर चेंबर फुटतो तो इथेच. वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही सोडवून ठेवा.

एमपीएफआयचं खरं दुखणं पेट्रोल लाइनमध्ये. कार्ब्युरेटरला पंप नुसतं ढकलतो, इथे लाइनमध्ये कायम मोठा दाब असतो. पंप टाकीच्या आत बसतो, उरलेलं पेट्रोल परत टाकीत येतं. म्हणून टाकी, पंप, लाइन, पूर्ण वायरिंग, ईसीएम आणि सगळे सेन्सर त्याच किंगचे घ्या. एकही वायर कापलेली नको. साधा रबरी पाइप अजिबात चालणार नाही, तो फुटला तर पेट्रोलचा फवारा थेट गरम सायलेन्सरवर उडतो. भंगारवाला वायरिंग देत नसेल तर इंजिन घेऊ नका.

रेडिएटर किंगचा घाला. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील बदलून टाका.

ब्रेक पुरणार नाहीत. जुनं इंजिन ४५ हॉर्सपॉवरच्या आसपास, नवं ८०च्या. किंगचे पुढचे डिस्क, बूस्टर आणि मास्टर सिलेंडर एकत्र घ्या आणि हे काम इंजिनाच्या आधी करा. घाट उतरताना नुसत्या मोठ्या इंजिनावर भागत नाही.

प्रश्न : काका, आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीत मारुती ८००चं इंजिन-गिअरबॉक्स बसेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. ८००चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीचं उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ओम्नीचं उभं आहे, पण ७९६ सीसीचं. तुमचं मूळ १०८९ सीसीचं काढून ते घालण्यात अर्थ नाही. बदलायचंच तर प्रीमियर ११८ एनईचं निसान इंजिन शोधा, ११७१ सीसीचं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. ते फ्लोअर गिअरचं आहे, त्यामुळे स्टिअरिंगवरचा हँडगिअर जाईल. आरटीओबद्दल वर लिहिलंय तेच तुम्हालाही लागू. आधी मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून चारही आकडे मला कळवा.