निमूटपणे काम करणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्याने ऑनलाइन ओळख निर्माण करायलाच हवी का?

पणजीतल्या पाटो भागातील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात आपण नऊ वर्षे आहात, पुरवठादारांची देणी आणि जीएसटीचा ताळमेळ ही कामे आपल्याकडे आहेत, आपल्या मागून आलेल्या दोघांना बढती मिळाली, आणि आता मित्रमंडळी सांगतात की लिंक्डइनवर ‘पर्सनल ब्रँडिंग’ केल्याशिवाय गत्यंतर नाही. स्वतःची जाहिरात करणे आपल्याला पटत नाही, म्हणून हे करायलाच हवे का, असे आपण विचारले आहे.

जाहिरात करण्याची काहीही गरज नाही. मात्र आपण नेमके कोणते काम करता, हे कार्यालयाबाहेरच्या माणसाला वाचून कळेल अशा शब्दांत मांडून ठेवण्याची गरज निश्चित आहे, आणि ती नोकरी सुरळीत चालू असतानाच भागवायला हवी. हे मी अनुभवावरून सांगते. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा तयारी शून्य होती.

मी डिचोली तालुक्यातली. एका खाण कंपनीच्या कार्यालयात मी अकरा वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचे काम केले. त्या काळी खनिज बार्जमधून नदीमार्गे मुरगाव बंदरात जात असे आणि तिथे जहाजात भरले जाई. जहाजात किती माल चढला, हे जहाज पाण्यात किती बुडाले त्यावरून, म्हणजे ड्राफ्ट सर्व्हेने ठरते. माल भरण्यासाठी करारात ठरलेल्या मुदतीला लेटाइम म्हणतात. ती ओलांडली की जहाजमालकाला डेमरेज द्यावे लागते, आणि आधी काम उरकले तर उलट आपल्याला पैसे मिळतात. जहाज कधी आले, भरणी किती वाजता सुरू झाली, पावसामुळे किती तास थांबली, या नोंदींवरून हा हिशेब मांडायचे काम माझ्याकडे होते. एकेका जहाजामागे मोठ्या रकमा त्यावर अवलंबून असत. कार्यालयात मात्र त्याला सगळे ‘बाईंचे पेपर’ म्हणत, आणि मलाही त्यात काही वावगे वाटत नसे.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबरला ते बंद ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेत वाट मोकळी केली, तोपर्यंत आमच्यासारख्या असंख्य घरांतली चूल नोकरीविना कशीबशी पेटत होती. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन ते सगळे पुन्हा थांबले, ते आपण पाहिलेच असेल. मला कंपनीने २०१३ च्या सुरुवातीस कमी केले. त्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की माझे लिंक्डइन खाते कंपनीच्या ईमेलवर उघडलेले होते आणि मोबाइलचे सिमही कंपनीचेच होते. दोन्ही बंद झाले. अकरा वर्षांत ज्या शिपिंग एजंटांशी, सर्व्हेअरांशी आणि बँकेतल्या माणसांशी रोज बोलत होते, त्यांतल्या एकाचाही संपर्क माझ्या हाती उरला नाही.

मग मी बायोडेटा तयार केला. त्यात लिहिले होते, ‘कार्यालयीन कामकाज व निर्यात कागदपत्रांचा ११ वर्षांचा अनुभव’. तो कागद मी वेर्णा, कुंडई आणि पणजीत कितीतरी ठिकाणी दिला, आणि सात महिने कुठूनही बोलावणे आले नाही. शेवटी वास्कोला बाजारात एका शिपिंग एजन्सीतले गृहस्थ भेटले. त्यांच्याशी माझी ओळख केवळ फोनवरची. ते म्हणाले, “बाई, लेटाइमचे हिशेब तुम्हीच करायचात ना? आमच्या माणसांच्या चुका तुम्हीच दाखवायचात. मग ते का लिहीत नाही?” घरी येऊन मी ती एक ओळ बदलली. जहाजाचे लेटाइम व डेमरेज हिशेब, बिल ऑफ लेडिंग, लेटर ऑफ क्रेडिटची कागदपत्रे, ११ वर्षे, मुरगाव बंदर. दोन महिन्यांत मी वेर्णा येथील एका कारखान्याच्या निर्यात विभागात रुजू झाले आणि आजही तिथेच आहे. माझा अनुभव तोच होता. फक्त तो आता परक्या माणसाला वाचता येऊ लागला होता.

ते गृहस्थ माझे नातेवाईक नव्हते, मैत्रीतले नव्हते, हेही महत्त्वाचे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडले होते की नोकरीची उपयुक्त माहिती बहुधा जिवलगांकडून नव्हे, तर दूरच्या ओळखींतून येते, कारण जवळच्या माणसांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरच्या, पाच वर्षांच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही अगदी जवळच्या नव्हे आणि अगदी तुटकही नव्हे अशा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्याचे दिसले. गोव्यात ‘सगळे सगळ्यांना ओळखतात’ असे आपण सहज म्हणतो. पण लोक आपल्याला ओळखतात ते कोणाची सून, कुठल्या वाड्यावरचे, कुठल्या देवळाचे महाजन म्हणून. आपल्या हाताखालून काय काम जाते, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

म्हणून माझी पहिली सूचना लिंक्डइनची नाहीच, वहीची आहे. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि दर शनिवारी पाच मिनिटे काढून त्या आठवड्यात अडलेले काय सुटले, ते लिहावे. अडचण काय होती, आपण काय केले, परिणाम काय झाला आणि ते कोणी पाहिले, इतक्याच चार गोष्टी. उदाहरणार्थ, ‘तीन पुरवठादारांची बिले टू-बी मध्ये दिसत नव्हती, फोन करून त्यांना विवरणपत्र भरायला लावले, अमुक रकमेचे इनपुट क्रेडिट वाचले, ऑडिटरनी विचारले होते.’ (टू-बी म्हणजे जीएसटीआर-२बी, पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणारे पत्रक, आणि इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट.) वर्षअखेरीस मूल्यमापनाचा फॉर्म समोर येतो तेव्हा आपल्याला केवळ मार्च महिना आठवतो, कारण तो सर्वांत दमवणारा असतो. जुलैमध्ये वाचवलेली रक्कम आपणही विसरलेलो असतो आणि साहेब तर विसरलेलेच असतात. वही स्वतःची असावी आणि घरी असावी. त्यात कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांचे दर किंवा कोणाचे पगार उतरवून घेऊ नयेत.

या वहीतूनच प्रोफाइल तयार होते. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा मिळते, आणि बहुतेक जण तिथे फक्त पदनाम लिहून मोकळे होतात. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स’ या पदनामाने एखाद्या कंपनीत देणी पाहणारा असतो, तर दुसरीत पगारपत्रक करणारा. माणूस शोधणारा अधिकारी पदनामापेक्षा कामाचे शब्द शोधपेटीत टाकतो, जसे जीएसटी, टीडीएस, टॅली, एसएपी, व्हेंडर रिकन्सिलिएशन. हे शब्द आपल्या प्रोफाइलवर नसतील, तर आपण त्याच्या शोधात येणारच नाही, मग आपण कितीही निष्णात असा. ‘मेहनती’, ‘ध्येयवेडा’, ‘टीम प्लेअर’ असे शब्द मात्र वगळावेत. ते कोणी शोधत नाही, आणि आपल्यालाही तिथेच जाहिरातीचा वास येत असावा.

आपल्या गोव्यातली एक अडचण इतरत्र फारशी भेडसावत नाही, ती म्हणजे नावाच्या स्पेलिंगची. नाईक हे आडनाव एका दाखल्यावर सरळ इंग्रजी पद्धतीने, शेवटी ‘के’ अक्षर घेऊन येते, तर जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने शेवटी ‘क्यू, यू, ई’ ही अक्षरे घेऊन. प्रभूंचे पोरोबो, शेणव्यांचे सिनाय झालेले तर घरोघरी आहेत. माझ्या पदवीवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे आणि लिंक्डइनवर तिसरेच होते. नेमणुकीपूर्वी कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या संस्थेने त्यावर शेरा मारला, आणि प्रतिज्ञापत्र करण्यात माझे पंधरा दिवस गेले. पॅन, आधार आणि प्रोफाइल यांवर एकच स्पेलिंग असावे, आणि खाते नेहमी वैयक्तिक ईमेलवर व स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर असावे. हे आजच तपासून पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता पोस्ट लिहिण्याविषयी. रोज लिहिण्याची काहीही आवश्यकता नाही. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा लिहिते, आणि तेही हाताखालून गेलेल्या कामाविषयीच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा निर्यातदारांनी मालावर भरलेल्या आयजीएसटीचे, म्हणजे एकात्मिक जीएसटीचे, परतावे मोठ्या संख्येने अडकले होते. शिपिंग बिलावरचा (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदावरचा) इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला क्रमांक यांत एखादी तिरकी रेघ किंवा शून्य इकडेतिकडे झाले, तरी कस्टम्सच्या प्रणालीत ‘एसबी ००५’ ही त्रुटी येई आणि परतावा थांबे. आमच्याकडे एकदा असा परतावा अडकला, तेव्हा मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिले. एका क्रमांकात मध्ये रेघ होती, दुसऱ्यात नव्हती, एवढाच फरक. तो कसा शोधला आणि पुढे टाळण्यासाठी क्रमांकाची कोणती पद्धत ठरवली, हे मी वीसेक ओळींत लिहिले. कंपनीचे नाव नाही, रक्कम नाही. त्यावर लाइक फार आले नाहीत. परंतु मडगाव, बेळगाव आणि कोल्हापूरहून हेच काम करणाऱ्या माणसांनी निरोप पाठवून शंका विचारल्या, आणि त्यांतल्या काहींशी आजही कामापुरते बोलणे होते. ब्रँड या शब्दाचा मला उमगलेला अर्थ एवढाच आहे: अमुक अडचण आली की अमुक व्यक्तीला विचारावे, असे चार परक्या माणसांना वाटणे.

आपल्याकडे असे विषय भरपूर आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत न चुकवल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीस मिळतो, ही १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) ची तरतूद २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाली. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवस, हे पाळण्यासाठी पुरवठादारांची वर्गवारी आपण प्रत्यक्ष कशी केली, एवढे लिहिले तरी कितीतरी हिशेबनिसांच्या उपयोगी पडेल.

नोकरीत असताना शोध सुरू केल्यास काही काळजी घ्यावी. ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी सर्वांना दिसते; ती केवळ भरती करणाऱ्यांना दिसावी असा पर्यायही आहे, मात्र तो आपल्या स्वतःच्या कंपनीपासून लपेलच याची पूर्ण हमी लिंक्डइन देत नाही. प्रोफाइलमध्ये बरेच बदल करण्यापूर्वी ते सर्व ओळखींना कळवण्याचे सेटिंग बंद करावे, नाहीतर एका संध्याकाळी केलेली डागडुजी दुसऱ्या दिवशी कार्यालयात चर्चेचा विषय होते. नोकरी डॉट कॉमवर विशिष्ट कंपन्यांपासून बायोडेटा लपवता येतो, त्यात आपल्या सध्याच्या कंपनीचे नाव घालावे. नेमणुकीसाठी पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलूच नये. कंपनीविषयीची नाराजी व्हॉट्सॲपच्या गटातही लिहू नये, कारण पणजी ते मडगाव हे अंतर असा मजकूर दुपारच्या जेवणापूर्वी कापतो. शिफारसपत्र मागायचे असेल, तर काम संपल्यावर महिन्याभरात मागावे आणि नेमक्या कोणत्या कामाबद्दल लिहावे हेही नम्रपणे सुचवावे.

राहिला बढतीचा प्रश्न, आणि इथे मला आपल्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. कार्यालयातली बढती लिंक्डइनमुळे मिळत नाही. ती ठरवणारी दोन-तीन माणसे आपल्याच मजल्यावर बसतात, आणि आपल्या कामातून त्यांना त्रास होत नाही म्हणूनच त्यांना ते दिसत नाही. वहीतल्या नोंदींवरून दर तिमाहीस अर्ध्या पानाचा अहवाल साहेबांना ईमेलने पाठवावा. त्यात तक्रार किंवा तुलना नसावी. काय केले, किती वाचले, पुढे काय अडणार आहे, एवढेच असावे. त्यानंतर वेळ मागून सरळ विचारावे की पुढच्या पदासाठी माझ्यात काय कमी आहे. दोन तिमाहींनंतरही स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर ते उत्तरच समजावे आणि बाहेरचा शोध शांतपणे सुरू करावा. नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हे विचारण्यात कमीपणा मानू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या प्रश्नातल्या माहितीवरून नावाखालची ओळ मी अशी लिहिली असती: ‘पुरवठादारांची देणी, जीएसटी टू-बी ताळमेळ व इनपुट क्रेडिट, ९ वर्षे, पणजी’. आपण टीडीएसची विवरणपत्रेही भरत असाल तर तेही त्यात घालावे, आणि दरमहा किती पुरवठादारांचे हिशेब आपल्या हातून जातात तो आकडाही, मात्र तो गेल्या महिन्याच्या खतावणीशी ताडून मगच.