जुन्या एमजीबीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा का? कोल्हापुरात कोणी करून देईल का?

तुमची गाडी १९७० ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पेट्रोल-हवा मिसळणारे दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, इंजिन मूळचंच. मागून पेट्रोलचा उग्र वास येतो, घरचे वैतागलेत, पीयूसीवाला कुरकुरतो, म्हणून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, बसवायचाय. बरोबर?

बसवून मिळेल. पाइप कापून कॅट टिग वेल्डिंगनं जोडणं आपल्या शिवाजी उद्यमनगरात कुणालाही जमतं. मी तिथंच इंजिनकाम करतो, म्हणून सांगतो: वेल्डिंग हा यातला सगळ्यात सोपा भाग. त्या कॅटमध्ये शिरणारा धूर कसा आहे, यावर सगळं अवलंबून.

आजच्या गाड्यांतला थ्री-वे कॅट, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड (सीओ), न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही आवरणारा, एकाच मिश्रणावर नीट चालतो, एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत सांभाळतो. एसयूची सुई आणि पिस्टन कितीही छान लावा, ते काम त्यांच्याकडून होणार नाही. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असलं की कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजनच उरत नाही, तो तसाच बाहेर पडतो. आणि एखादा प्लग मिसफायर करत असेल तर खरी गंमत. न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही कॅटमध्ये जाऊन पेटतात, आतली सिरॅमिकची जाळी वितळते आणि पाइप तुंबतो. मग पन्हाळ्याच्या चढाला गाडी का ओढत नाही म्हणून लोक कार्बोरेटर उघडत बसतात.

कार्बोरेटर ठेवूनच करायचं असेल तर ऑक्सिडेशनचा, म्हणजे टू-वे कॅट आणि त्याच्या आधी पाइपात जादा हवा सोडणारा एअर पंप. नायट्रोजन ऑक्साइडवर त्याचा उपयोग नाही, पण वास आणि सीओ नक्की कमी होतो. थ्री-वे हवा असेल तर कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, ते चालवणारा संगणक म्हणजे ईसीयू आणि सेन्सर, असा सगळा संसार आला. त्यात एक मेख आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबरवर नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. तो विचार असेल तर कापाकापीआधी आरटीओत विचारा, आणि काढलेले कार्बोरेटर भंगारात घालू नका.

जागेचंही बघा. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो, म्हणून मॅनिफोल्डच्या जवळ हवा. पण एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, डावीकडे. फार जवळ बसवला तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. खाली घेतला तर शेजारी बसणाऱ्याचे पाय भाजतात आणि आपले स्पीडब्रेकर आहेतच. फ्लोअरखाली हीट शील्डसकट, पण घासणार नाही इतका वर, असा मधला मार्ग काढावा लागतो. ऊसतोडीच्या दिवसांत अशी तापलेली गाडी पाचटावर उभी करू नका.

तेलाचा पेच मात्र मलाही आवडत नाही. जुन्या कॅमशाफ्टला झिंक-फॉस्फरसवालं तेल लागतं, आणि तोच फॉस्फरस कॅटला मारतो. इंजिन तेल पीत असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइड करून घ्या, नाहीतर नवा कॅट फुकट जाईल. हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्या. २००० पासून देशभर पेट्रोल शिशाविना आहे, त्यामुळे जुन्या बिडाच्या सीट झिजतात. पेट्रोलचे होजही बदला, कारण इथेनॉल जुनं रबर खातं. आपल्याच उसाचं असलं म्हणून सोडत नाही!

आता पीयूसीचं. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलला सीओची मर्यादा ३ टक्के आहे. चांगल्या लावलेल्या एसयूंवर ती कॅटशिवाय गाठता येते, म्हणून मी खर्च करण्याआधी गॅस अ‍ॅनालायझर लावून दोन्ही कार्बोरेटर एकसारखे करून घेईन. जेट (पेट्रोल येणारी बारीक नळी) आणि तिच्यातली सुई झिजलेली असेल तर तीही बदला.

आणि हो, चोक पूर्ण आत ढकलल्यावर दोन्ही जेट वर परत येतात का बघा. एक जरी खाली अडकलं तर तेवढ्यानंच असा वास येतो. तसंच डिकीचं रबर तपासा. ते गेलेलं असेल तर मागचा धूर डिकीतून थेट केबिनमध्ये ओढला जातो.