नेटवर्क सिम्युलेटर शिकायला घेताय? आधी एवढं करा

सगळ्यात आधी ठरवा की सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या यंत्रांशिवाय संगणकावरच नेटवर्क चालवून बघायचा प्रोग्राम, कशासाठी हवाय. राउटरच्या कमांड हाताला बसवायच्या असतील तर सिस्कोचा पॅकेट ट्रेसर पुरे, पण रिसर्चमध्ये प्रोटोकॉल (डेटा पाठवायचे नियम) बदलून मोजमाप करायचं असेल तर एनएस-३ हा सिम्युलेटर घ्या, त्याला सी प्लस प्लस लागतं, थोडं यायला हवंच. आणि त्याच्या आधीच्या एनएस-२ च्या जुन्या स्क्रिप्ट त्यात चालत नाहीत, उगाच डाउनलोड करत बसू नका.

पहिल्याच दिवशी ५० नोडचं (नोड म्हणजे नेटवर्कमधलं एकेक यंत्र) वायरलेस नेटवर्क उभारायला जाऊ नका (मी गेलो होतो, दोन आठवडे पाण्यात). एनएस-३ च्या ट्यूटोरियलमधलं first.cc, म्हणजे 'फर्स्ट' नावाचं उदाहरण घ्या. दोन नोड, ५ एमबीपीएसची लिंक, २ मिलिसेकंद डिले (लिंकवरून पलीकडे जायला लागणारा वेळ). १०२४ बाइटचं पॅकेट (डेटाचा तुकडा) सिम्युलेशनच्या घड्याळात २ सेकंद झाले की निघतं आणि २.००३६९ ला पोचतं. हा आकडा कागदावर काढून बघा, हेडरचे (पॅकेटला जोडलेल्या पत्त्यासारख्या माहितीचे) ३० बाइट धरून १०५४ बाइट पाठवायला १.६९ मिलिसेकंद, वर डिलेचे २. जुळलं की समजा गाडी रुळावर आली.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:
- एकदाच रन करून ग्राफ काढतात. सीड (रँडम आकडे ज्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा) ठरलेलं असतं त्यामुळे उत्तर दरवेळी तेच येतं, तो काही पुरावा नव्हे. रन नंबर बदलून निदान १०-२० वेळा चालवा, सरासरीसोबत फरकही दाखवा.
- एका वेळी चार पॅरामीटर बदलतात, मग कशामुळे काय झालं कळत नाही.
- पीकॅप फाइल (पॅकेटची नोंद असलेली) वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये उघडूनच बघत नाहीत!

मोबिलिटी (नोडची हालचाल), एलटीई (४जी मोबाइल नेटवर्क) वगैरे नंतर बघू. अडलात तर एरर पूर्ण पेस्ट करा.